दवबिंदूचे फूल आणि श्रावकाची जयणा

सदर : निसर्ग आणि जयणा

आषाढाच्या सरींनी सह्याद्रीचे कातळ भिजले, की त्यांच्या उथळ खळग्यांतील मूठभर मातीत एक इवलीशी वनस्पती उगवते. श्रावण-भाद्रपदात ती पानोपानी चमकते, आश्विनात फुलते आणि कार्तिकानंतर कातळ तापू लागला की बी टाकून वाळून जाते. चातुर्मासाचा आणि तिचा काळ जवळजवळ एकच. पूज्य साधू-साध्वीजी ज्या चार महिन्यांत ओल्या भूमीवरील सूक्ष्म जीवांची विराधना टळावी म्हणून विहार थांबवतात, त्याच चार महिन्यांत ही वनस्पती त्या बारीक जीवांना आपल्या पानांवर धरते आणि पचवते. मराठीत तिला ‘दवबिंदू’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिच्या प्रजातीचे नाव ड्रॉसेरा. ग्रीक भाषेत ‘ड्रोसॉस’ म्हणजे दव. दोन्ही भाषांना तिच्यात प्रथम दिसले ते दवच, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता ही वनस्पती कातळावरून घरातही येऊ लागली आहे. विक्रेते ती डब्यात भरून घरपोच पाठवतात. मुलांच्या शाळेतील प्रकल्पासाठी ‘कीटकभक्षी वनस्पती’ हा विषय आवडीचा असतो. शीवसारख्या भागात, जेथे एकाच इमारतीत अनेक जैन कुटुंबे राहतात आणि उपाश्रय चालत जाण्याच्या अंतरावर असतो, तेथे अशी कुंडी घरात आली की प्रश्न उभा राहतो. मूल म्हणते, हे तर झाड आहे. आजी म्हणते, जे माशी खाते ते आपल्या घरात कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या वनस्पतीचे जीवन, तिचे फूल, तिचे बीज आणि तिच्याविषयी श्रावकाची जबाबदारी यांचा नीट विचार करणे योग्य ठरेल.

दवबिंदू कसा जगतो

जगात ड्रॉसेराच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. भारतात प्रामुख्याने तीन आढळतात : ड्रॉसेरा इंडिका, ड्रॉसेरा बर्मानी आणि ड्रॉसेरा पेल्टाटा. इंडिकाची पाने गवताच्या पात्यासारखी लांब व बारीक असतात, म्हणून तिला ‘गवती दवबिंदू’ असेही म्हणतात. बर्मानीची पाने जमिनीलगत गोल फुलासारखी पसरतात. सगळी वनस्पती एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढी. तिचे नाव योहानेस बर्मान या अठराव्या शतकातील डच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. सिंहलद्वीपाच्या वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १७३७ साली प्रसिद्ध झाला होता. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, कोकणातील सड्यांवर आणि पाणथळ गवताळ जागी पावसाळ्यात दवबिंदू पाहायला मिळतो.

पानांवर असंख्य तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. ऊन चढले की खरे दव उडून जाते, हा थेंब मात्र टिकून राहतो. चिलटासारखा जीव त्यावर बसला की चिकटतो. धडपडला की आणखी केस त्याच्याकडे वाकतात. बर्मानीच्या कडेचे केस तर काही सेकंदांत आत वळतात. मग पानातून पाचक रस पाझरतो आणि विरघळलेले नत्र व स्फुरद पान शोषून घेते.

हा सारा खटाटोप कशासाठी? पोट भरण्यासाठी, असे सहज वाटते. पण ते पूर्ण खरे नाही. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणेच दवबिंदू सूर्यप्रकाश, पाणी आणि हवा यांतून आपले अन्न स्वतः तयार करतो. त्याला उणीव असते ती नत्र आणि स्फुरद यांची. जांभ्या कातळावरची माती उथळ, आम्लधर्मी आणि पावसाने सतत धुतली जाणारी. तिच्यात ही द्रव्ये फारशी उरतच नाहीत. ती उणीव कीटक भरून काढतात. कासला ज्यांच्या निळ्या-जांभळ्या गालिच्यांची छायाचित्रे प्रत्येक पर्यटक काढतो, ती ‘सीतेची आसवं’ हीसुद्धा याच गरजेपोटी ओल्या मातीतील अतिसूक्ष्म जलजीवांना आपल्या बारीक पिशव्यांत ओढून घेते. फूल पाहून कुणाच्या मनातही ही शंका येत नाही.

आगमांच्या प्रकाशात

वनस्पती जिवंत आहे आणि तिला संवेदना आहे, हे जैन मुलाला पाठशाळेच्या पहिल्या वर्षातच शिकवले जाते. वनस्पतिकायिक जीव स्थावर व एकेंद्रिय. त्याला एकच इंद्रिय, स्पर्शन. मुंगी त्रींद्रिय, माशी-डास-चिलट चतुरिंद्रिय. एका इंद्रियाच्या जीवाने चार इंद्रियांच्या जीवाला धरावे, हे ऐकून मुलाला आश्चर्य वाटते. परंतु त्या एका इंद्रियाची तीक्ष्णता दवबिंदूइतकी क्वचितच दिसते. चार्ल्स डार्विनने १८६० पासून या वनस्पतीचा अभ्यास केला आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी वजनाचा केसाचा तुकडा पानावरील ग्रंथीवर ठेवला तरी ती वाकते, असे त्याने मोजून दाखवले. उलट पावसाचे टपोरे थेंब पडले तरी ती हलत नाही. डोळा नाही, कान नाही, नाक नाही. केवळ स्पर्शातून हा विवेक.

आगमांत सर्व संसारी जीवांना आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या संज्ञा सांगितल्या आहेत. भयसंज्ञेसाठी लाजाळूचे उदाहरण परंपरेत दिले जाते. आहारसंज्ञेसाठी दवबिंदूकडे बोट दाखवता येईल. आहाराचे ओजाहार, लोमाहार आणि प्रक्षेपाहार अर्थात कवलाहार असे प्रकार सांगितले आहेत, आणि एकेंद्रियांना कवलाहार नसतो असे म्हटले आहे. दवबिंदूला ना तोंड ना घास. तो शरीराच्या पृष्ठभागातूनच शोषतो. सूत्रकृतांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधातील ‘आहारपरिज्ञा’ या अध्ययनात तर वनस्पतिकायिक जीव पृथ्वी, पाणी यांच्याबरोबरच त्रस आणि स्थावर प्राण्यांच्या शरीरांचाही आहार घेतात, असे वर्णन आहे. तेव्हा जैन वाचकाने या वनस्पतीला सृष्टिनियमाबाहेरचा अपवाद मानण्याचे कारण नाही. संसारात जीव जीवावर जगतो, हे आगमांनी लपवलेले नाही. त्या साखळीतून बाहेर पडण्याचा मार्ग मनुष्यभवात आहे, एवढेच त्यांनी सांगितले.

म्हणून दवबिंदूला ‘पापी झाड’ म्हणणे योग्य नव्हे. त्याला मन नाही, पर्याय नाही, व्रत घेण्याची शक्ती नाही. प्रश्न आहे तो त्याला घरात आणणाऱ्या माणसाचा. श्रावकाचा विचार करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्ही बाजूंनी होतो. मुलाने चिमट्याने मुंगी उचलून पानावर ठेवली, तर ती मुंगी झाडाने नव्हे, मुलाने मारली. घरच्या मोठ्यांनी टाळी वाजवली, तर ते अनुमोदन झाले. रात्री दिव्याखाली कुंडी उघडी ठेवली आणि सकाळी पानांवर पंधरा चिलटे सापडली, तर हेतू नसला तरी प्रमाद घडला. आणि प्रमादाचरण हा अनर्थदंडाचाच एक प्रकार. व्यवसायात, स्वयंपाकात, प्रवासात जी हिंसा टाळता येत नाही तिची गोष्ट वेगळी. केवळ हौसेसाठी होणारी हिंसा मात्र निरर्थक असते, आणि तिसऱ्या गुणव्रताने तीच आवरायला सांगितली आहे.

कीटकांवाचून तो जगतो का?

येथे एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. डार्विनचा पुत्र फ्रान्सिस डार्विन याने १८७८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने दवबिंदूची बरीच रोपे बारीक जाळीखाली ठेवली, म्हणजे बाहेरचा एकही कीटक त्यांच्यापर्यंत पोहोचू नये. अर्ध्या रोपांना त्याने मांसाचे कण दिले, अर्ध्यांना काहीच दिले नाही. त्या काळच्या विद्वानांना हवे होते ते एवढेच, की प्राणिज आहाराचा वनस्पतीला लाभ होतो की नाही. लाभ झाला; पोसलेल्या रोपांना बी दुपटीहून अधिक आले.

जैन वाचकाने या प्रयोगाची दुसरी बाजू पाहावी. ज्या रोपांना काहीच मिळाले नाही, तीही जगली, तीही फुलली, त्यांनाही बी धरले. कमी धरले, पण धरले. म्हणजे कीटक हे दवबिंदूच्या जगण्याची अट नाहीत. ते त्याच्या समृद्धीचे साधन आहेत. व्यापारी कुटुंबातील वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. नफा कमी होणे आणि दुकान बंद पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थोडक्यात भागवून हिंसा टाळणे हे परिग्रहपरिमाणाच्या मार्गाशी जुळणारेच आहे, आणि येथे ते झाडाच्या वतीने माणूस करू शकतो.

फुलू द्यावे की दांडा खुडावा

हौशी बागकाम करणारे पुष्कळदा सांगतात, की फुलाचा दांडा दिसताच खुडावा. फुलण्यात झाडाची शक्ती खर्च होते. व्हीनस फ्लायट्रॅपसारख्या परदेशी, अनेक वर्षे जगणाऱ्या वनस्पतीच्या अशक्त रोपांबाबत त्यात तथ्य आहे. परंतु आपल्याकडचे बर्मानी आणि इंडिका हे दवबिंदू बहुतांशी एका हंगामाचेच. दांडा खुडला म्हणून ते दीर्घायुषी होत नाहीत. उलट ज्यासाठी त्यांचे सारे आयुष्य चालले आहे ते बीजच हातचे जाते. त्यांना फुलू देणे हेच योग्य.

बर्मानीचा दांडा जमिनीलगतच्या पानांच्या मधून सरळ वर चढतो, पानांपेक्षा कितीतरी उंच. त्यावर कळ्यांची ओळ असते आणि त्या खालून वर एकेक करून उमलतात. फूल लहान, पांढरे, पाच पाकळ्यांचे. इंडिकाचे गुलाबी किंवा पांढरे. उजेड चांगला असेल तर ते सकाळी उघडते आणि काही तासांतच मिटते. सकाळच्या सामायिकानंतर पाहिले तर दिसेल, दुकानातून जेवायला घरी येईपर्यंत मिटलेले असेल. दांडा एवढा उंच का, यावर अभ्यासकांचे एक म्हणणे असे, की परागीकरणास येणारे कीटक खालच्या चिकट पानांपासून दूर राहावेत. सगळ्या जातींना हे लागू पडते असे नाही. तरी ज्याच्यावर आपले वंशसातत्य अवलंबून आहे त्याला आपल्याकडून इजा होऊ नये, ही व्यवस्था निसर्गात कोठेकोठे दिसते, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे दोन्ही दवबिंदू स्वपरागणक्षम आहेत. फूल मिटताना त्याचेच पराग त्याच्याच कुक्षीला लागतात आणि बी धरते. मधमाशी आली नाही तरी चालते. म्हणजे जी जाळी कीटकांना पानांपासून वाचवते, ती जाळी फुलाच्या बीजधारणेच्या आड येत नाही. श्रावकाच्या घरात दवबिंदू ठेवायचाच असेल, तर त्याचा सारा मार्ग या एका गुणधर्मावर उभा आहे.

शीवच्या गॅलरीतील व्यवस्था

‘शीव’ या शब्दाचा अर्थच हद्द. येथे मुंबई बेट संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होत असे. सतराव्या शतकात इंग्रजांनी याच हद्दीवर टेकडीच्या माथ्यावर किल्ला बांधला. त्यावरून पूर्वेकडील मिठागरे दिसत. दवबिंदूसाठी यातून एक धडा घ्यावा : त्याला मीठ, क्षार आणि खत यांपैकी काहीही मुळाशी सोसत नाही. इतर झाडांना जे पोषक, ते याला घातक.

माती म्हणून बाजारातले खतमिश्रित कुंडीमिश्रण वापरू नये. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग धुतलेली सिलिका वाळू पुरते. कोकोपीटमध्ये क्षार असतात. ते तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्यावे. समुद्राची वाळू वापरू नये. अनेक ठिकाणी ओले शेवाळ वापरण्याचा सल्ला दिला जातो. शेवाळ अनंतकायात गणले जात असल्याने श्रावकाने कोरडे, निर्जीव कोकोपीटच निवडावे. खताचा अंश नसला आणि हवा खेळती राहिली, तर कुंडीवर लील धरण्याचे प्रमाणही कमी होते.

पाण्याबाबत शीवकर सुदैवी आहेत, कारण या वनस्पतीला सर्वांत मानवते ते पावसाचे पाणी, आणि मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते स्वच्छ भांड्यात धरून, गाळून, झाकून ठेवावे. पावसाळा संपल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळते ते डिस्टिल्ड वॉटर चालते. घरात पिण्यासाठी उकळलेले पाणी असते, ते योग्य वाटेल. पण उकळल्याने पाण्यातील सगळे क्षार जात नाहीत.

कुंडीखाली ताटलीत बोटाच्या एका पेराहून कमी पाणी सतत असावे, असा या वनस्पतीचा नियम. येथेच मुंबईची खरी अडचण सुरू होते. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. महानगरपालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, ते उगीच नव्हे. जैन घराला याहून मोठी चिंता असते : एकदा अळ्या झाल्या की पाणी ठेवले तर रोग आणि ओतले तर हिंसा. तेव्हा जीवोत्पत्तीच होऊ नये, हीच जयणा. त्यासाठी कुंडी आणि ताटली दोन्ही एकत्र काचेच्या पेटीत ठेवाव्यात. जुनी माशांची टाकी चालते. वर दुहेरी मलमल ताणून दोऱ्याने घट्ट बांधावी. ताटलीतील पाणी दर तीन-चार दिवसांनी, दिवसाउजेडी, नीट पाहून बदलावे. हेच मलमल कीटकांना पानांपासून दूर ठेवते आणि डासांना पाण्यापासून. एका वस्त्राने दोन्हींचे रक्षण होते. पाणी गाळण्यासाठी गरणे वापरणाऱ्या घरात ही पद्धत परकी वाटू नये.

पेटी पूर्वेकडच्या गॅलरीत, सकाळचे ऊन मिळेल अशी ठेवावी. दुपारच्या कडक उन्हात बंद काच भट्टीसारखी तापते, म्हणून तेव्हा सावली हवी. रात्री गॅलरीतील दिवा जवळ जळत ठेवू नये. मुळांना खत घालू नये. ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही खतांत हाडांचा चुरा किंवा मासळीचा अंश असतो, तेव्हा तसली खते या किंवा कोणत्याही कुंडीसाठी घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. पानांवर सुक्या अळ्या किंवा मासळीचे खाद्य टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सरळ नाकारावा.

बीजापासून रोप

फूल मिटल्यावर तीन-चार आठवड्यांत बोंड तपकिरी होते आणि टोकाशी उघडू लागते. तेव्हा दांडा हलकेच पांढऱ्या कागदावर वाकवून टिचकी मारावी. काळी धूळ पडल्यासारखे दिसते, तीच बी. एकेका बोंडात ती डझनावारी असते. पंख्याखाली हे काम करू नये. शिंकेनेही पीक उडून जाते. कागदाची पुडी करून तिच्यावर जात आणि तिथी लिहावी, आणि ती पुडी कोरड्या डबीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते.

पेरणीला ज्येष्ठ-आषाढ उत्तम. मिश्रण पूर्ण भिजवून, वर सपाट करून, बी फक्त पृष्ठभागावर भुरभुरावी. ती मातीने झाकू नये. या बीला उगवण्यासाठी उजेड लागतो. धान्य पेरण्याच्या सवयीने ती पुरली, तर उगवत नाही. वरून पाणी ओतू नये, ताटलीतूनच ओल चढू द्यावी. उबदार हवेत बर्मानीची बी साधारण दोन ते सहा आठवड्यांत उगवते. इंडिका हट्टी आहे. कधी ती एक उन्हाळा कोरडी राहिल्याशिवाय उगवत नाही, कारण रानातही तिची बी तापलेल्या कातळावर महिनोन् महिने पडून असते. म्हणून पहिल्या वर्षी काही उगवले नाही तरी कुंडी फेकून देण्याची घाई करू नये.

उगवलेले रोप टाचणीच्या डोक्याएवढे असते. त्याच्या दोन बीजदलांनंतर येणाऱ्या पहिल्या पानावरच दवाचा थेंब दिसतो, आणि तो पाहण्यासाठी भिंग लागते. मुलाला या वनस्पतीचे आश्चर्य दाखवायचे असेल तर हा क्षण दाखवावा. मुंगी तडफडताना दाखवण्यापेक्षा तो अधिक काळ स्मरणात राहतो. शाळेच्या प्रकल्पासाठीही हाच विषय पुरेसा आहे : दर रविवारी रोपाचे माप, फुलांची संख्या, बोंडांची संख्या आणि जाळीखालीही बी धरते हा निष्कर्ष. शिक्षक तो आनंदाने स्वीकारतील, कारण तो मुलाने स्वतः पाहिलेला असेल.

तरीही पूर्ण निर्दोषतेचा दावा कोणी करू नये. ओल्या मिश्रणात कधी बारीक चिलटे उत्पन्न होतात आणि जाळीच्या आतच असल्याने पानांना लागतात. पृष्ठभागावर कोरड्या सिलिका वाळूचा पातळ थर दिल्यास ही उत्पत्ती कमी होते. बी मात्र त्या थरानंतर, त्याच्यावर भुरभुरावी. एवढी काळजी घेणे ज्यांना जमणार नसेल, त्यांनी ही कुंडी घरात आणूच नये. तोही एक सन्मान्य निर्णय आहे, आणि शंका असल्यास उपाश्रयात विराजमान गुरुभगवंतांना विचारून ती दूर करावी.

व्यापाराची बाजू

या अंकाच्या वाचकांत रोपवाटिका, खते, बागेची साधने यांचा व्यवसाय करणारेही आहेत, आणि कीटकभक्षी वनस्पतींना मागणी आहे. अशा वेळी पंधरा कर्मादानांतील ‘असतीपोषण’ आठवावे. धनासाठी हिंसक जीवांचे पालनपोषण करणे श्रावकाला वर्ज्य सांगितले आहे. तेथे उदाहरणे पशुपक्ष्यांची आहेत. वनस्पतीला तो निषेध अक्षरशः लागू होतो का, हे विद्वान मुनिजनांनी सांगावे. परंतु त्यामागील भाव उघड आहे. ‘डास मारणारे झाड’ म्हणून दवबिंदूची जाहिरात करून तो विकणे म्हणजे हिंसेलाच विक्रीचा गुण बनवणे होय. शिवाय ती जाहिरात खोटीही आहे. नाण्याएवढी वनस्पती चार चिलटे धरते. तिच्याने घरातले डास कमी होत नाहीत. अशा विक्रीत हिंसा आहेच, त्यावर असत्य आणि ग्राहकाची वंचना यांचीही भर पडते. याउलट स्वतःच्या कुंडीत धरलेली बी शेजाऱ्याला, पाठशाळेला किंवा शाळेच्या प्रयोगशाळेला जाळीसहित आणि सूचनांसहित दिली, तर ते ज्ञानदानच ठरते.

कासचा दवबिंदू कासलाच राहू द्यावा

पर्युषणानंतर अनेक कुटुंबे साताऱ्याकडे निघतात. कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत त्याचा समावेश आहे. तेथे मोठ्या फुलांचे गालिचे सर्वांना दिसतात. दवबिंदू मात्र पायाखाली असतो. छायाचित्रासाठी वाट सोडून दोन पावले आत टाकली, तर एका पावलाखाली अशी कितीतरी रोपे आणि त्यांच्याभोवतीचे असंख्य जीव चिरडले जातात. ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली असली, तरी कासच्या पठारावर श्रावकानेही ती पाळावी.

तेथून रोप उपटून आणण्याचा मोह अनेकांना होतो. ते रोप मुंबईपर्यंत क्वचितच जगते, आणि उपटल्यामुळे त्या खळग्यातील पुढच्या वर्षीची बीही जाते. अचौर्यव्रताच्या दृष्टीने पाहिले तरी जे दिलेले नाही ते घेणे होय. ज्याला तो घरी हवाच असेल, त्याने अशा व्यक्तीकडून बी मागावी जिच्या कुंडीत ती धरली आहे. दवबिंदूचे एक फूल फुलू दिले तर त्यातून इतकी बी मिळते, की एका इमारतीतील सर्व घरांना पुरावी. रानातून काहीही आणण्याची गरज उरत नाही.

दवबिंदूला आपला आहार बदलता येत नाही, म्हणून त्याला दोष नाही. माणसाला त्याच्याभोवती मलमल बांधता येते, पाणी झाकता येते, दिवा मालवता येतो, आणि मुलाच्या हातातील चिमटा हलकेच काढून घेऊन त्या जागी भिंग देता येते. या चार गोष्टी ज्या घरात होतील, तेथे आश्विनातील एखाद्या सकाळी मलमलीखाली उमललेले ते पांढरे फूल आजी आणि नातू दोघांनाही निःशंक मनाने पाहता येईल.